पाण्याखालून बोया सोडताना: नव्या डायव्हरसाठी, बांधणीपासून वर येईपर्यंत

मालवणच्या बंदरात हंगामातल्या एखाद्या सुटीच्या सकाळी नुसतं उभं राहिलं तरी समुद्रावर किती वर्दळ असते ते कळतं. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पर्यटक नेणाऱ्या होड्या, पॅरासेलिंगच्या बोटी, जेट-स्की, जाळी बघायला निघालेल्या फायबरच्या होड्या, आणि या सगळ्यांच्या खाली डायव्हर. खाली असताना इंजिनाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण तो कुठून येतोय ते सांगता येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. त्यामुळे दोन कानांपर्यंत पोचण्यातला वेळेचा फरक इतका कमी होतो की दिशा ओळखण्याची आपली नेहमीची सोयच बंद पडते. होडी जवळपास कुठेतरी आहे एवढंच कळतं. डोक्यावर आहे की दीडशे मीटर लांब, ते कळत नाही.

म्हणून वर येण्याआधी आपली जागा वरच्या लोकांना दाखवायची. त्यासाठी डायव्हर जवळ गुंडाळून नेतो तो लांबट, नारंगी बोया म्हणजे डीएसएमबी (डिलेड सरफेस मार्कर बोया). साधा एसएमबी (सरफेस मार्कर बोया) डायव्ह सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत पाण्यावर तरंगत असतो आणि खालचा डायव्हर त्याची दोरी धरून फिरतो. डीएसएमबी खिशातच राहतो आणि डायव्हच्या अखेरीस, वर निघायच्या वेळी, खालून हवा भरून सोडला जातो. आपल्याकडच्या बहुतेक डायव्हमध्ये हा दुसराच वापरतात, त्यामुळे पुढे ‘बोया’ म्हटलं की तोच समजा.

माझ्या मते या कामात शिकायचं ते मुख्यतः एकच आहे: दोन्ही हात गुंतलेले असताना खोली जराही न बदलणं. बोया भरणं, दोरी सोडणं हे हाताचं काम दोन दिवसांत जमतं. ते करताना शरीर जागच्या जागी ठेवणं जमायला वेळ लागतो, आणि अपघात तिथेच होतात.

हा लेख ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिल्या पातळीचा, कोर्स झालेल्या, थोड्या डायव्ह केलेल्या लोकांसाठी आहे. प्रशिक्षकाचा हात धरून एकदाच उतरणाऱ्या पर्यटकाला याची गरज नाही. आणि ओपन वॉटर झालेल्यानेही पहिल्यांदा बोया सोडायचा तो प्रशिक्षक शेजारी असतानाच. वाचून तयारी होते. हात पाण्यातच बसतो.

बोया निवडताना

बाजारात ६० सेंटिमीटरपासून १.८ मीटरपर्यंत लांबीचे बोये मिळतात. फार लहान बोया घेऊ नका. समुद्राला मीटरभराची लाट असेल तर पाण्यावरचं डोकं शंभर मीटरवरच्या होडीलाही दिसत नाही, आणि बोयाचा खालचा भाग पाण्यात राहत असल्याने दिसणारी उंची नेहमी लांबीपेक्षा कमीच असते. १.२ ते १.५ मीटरचा, नारंगी किंवा लाल रंगाचा, माथ्याला परावर्तक पट्टी असलेला बोया सुरुवातीला योग्य. पिवळ्या रंगाच्या मोहात पडण्याआधी चौकशी करा. ब्रिटनसारख्या ठिकाणी नारंगी किंवा लाल म्हणजे ‘सगळं ठीक, इथे डायव्हर आहे’ आणि पिवळा म्हणजे ‘मदत हवी’ असा संकेत रूढ आहे. सगळीकडे तो पाळला जात नाही, म्हणूनच होडीवर आधी बोलून घ्यावं लागतं.

तोंडाच्या रचनेवरून तीन प्रकार पडतात. खालून पूर्ण उघडा बोया भरायला सगळ्यात सोपा, पण वर पोचून आडवा झाला की हवा सांडते. अर्धबंद बोयाच्या तोंडाशी आतून एक पडदा असतो. हवा आत जाते, बाहेर येत नाही. पूर्ण बंद बोयाला तोंडाने फुंकायची छोटी नळी असते. नव्या माणसाने अर्धबंद किंवा नळीचा घ्यावा, आणि दोन्ही सोयी एकाच बोयात मिळाल्या तर उत्तमच. हवा जास्त झाली तर आपोआप सोडणारी झडप त्याला आहे ना, हे पाहून घ्या. ती नसेल तर बंद बोया वर जाता जाता फुगून शिवणीवर ताण येतो.

आता दोरी. ती स्पूलवर किंवा रीलवर येते. रीलला मूठ, गुंडाळायचा खटका आणि अडकवणी असते; चालवायला ऐटदार वाटते, पण खटका अडकला की दोरी तिथेच थांबते आणि वर चाललेला बोया तुम्हाला घेऊन निघतो. स्पूल म्हणजे मधे भोक असलेली साधी चकती. तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, म्हणून नवशिक्याला मी स्पूलच सुचवतो. दोरी विणलेल्या नायलॉनची, दीड-दोन मिलिमीटर जाडीची, उठून दिसणाऱ्या रंगाची. पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची दोरी नको, ढील पडली की ती वर तरंगत नळ्यांना वेढे घालते. लांबी ३० मीटर ठेवा. १५ मीटरच्या खोलीवर १५ मीटरचा स्पूल पुरेल असं वाटतं, पण ओढ असलेल्या पाण्यात दोरी तिरकी जाते आणि खोलीपेक्षा कितीतरी जास्त लागते.

सोबत एक डबल एंडर, म्हणजे दोन्ही टोकांना खिट्टी असलेला बोल्ट स्नॅप. तो स्टेनलेस स्टीलचाच घ्या.

दोरी बांधणं

स्पूलची सगळी दोरी एकदा घरी उलगडा. आतलं टोक स्पूलच्या गाभ्याला किंवा कडेच्या भोकाला पक्कं बांधलेलं आहे का ते पाहा. नव्या स्पूलवर कित्येकदा ते नुसतं गुंडाळलेलं असतं आणि दोरी संपली की बोया दोरीसकट निघून जातो.

बाहेरच्या टोकाला मोठा फासा हवा. दोरी दुहेरी करून आठाच्या आकाराची गाठ मारा, खेचून आवळा, आणि शिल्लक शेपूट सात-आठ सेंटिमीटर ठेवा. नायलॉनची गाठ ओली झाल्यावर सरकते. हा फासा स्पूल त्यातून आरपार निघेल एवढा मोठा असला पाहिजे, कारण सगळी बांधणी त्यावरच अवलंबून आहे. फासा बोयाच्या खालच्या कडीतून ओवा, मग त्या फाशातून अख्खा स्पूल काढा आणि ओढून आवळा. ही गाठ जितका ताण येईल तितकी घट्ट बसते, आणि सोडवायची तर उलट क्रमाने दोन क्षणांत सुटते. काही जण दोरी आणि बोया यांच्यामध्ये एक बोल्ट स्नॅप घालतात. मी तो घालत नाही, एक धातूचा तुकडा जितका कमी तितकी अडकायची एक जागा कमी.

दोरी परत गुंडाळताना बोटांनी थोडा ताण ठेवा आणि स्पूल काठोकाठ भरू नका. सैल गुंडाळलेली दोरी सुटताना वरच्या वेढ्याखाली खालचा वेढा अडकतो. बोयापासून ५ मीटरवर पक्क्या शाईने एक खूण करून ठेवली तर वर येताना अंदाजाला मदत होते. खोलीचा खरा आकडा मात्र नेहमी डायव्ह कॉम्प्युटरवरचाच धरायचा, कारण तिरक्या दोरीवर ५ मीटरची खूण म्हणजे ५ मीटर खोली नव्हे.

गुंडाळून झाल्यावर शेवटच्या वेढ्याची दोरी स्पूलच्या कडेच्या भोकातून जाणाऱ्या डबल एंडरमध्ये पकडा. खिट्टी लागलेली असेपर्यंत स्पूल फिरत नाही.

मग घडी. बोयातली हवा पूर्ण काढा, झडप दाबून उरलीसुरली सोडा, नळी बंद करा. लांबीच्या दिशेने तीन पदर करा आणि माथ्याकडून खाली गुंडाळत या, म्हणजे नळी आणि दोरीची कडी बाहेरच्या बाजूला येते आणि उलगडताना तीच आधी हाताला लागते. स्पूल गुंडाळीवर ठेवून रबरी पट्ट्यात अडकवा. जागा बीसीडीच्या (हवा कमी-जास्त करून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटच्या) खिशात किंवा मांडीवरच्या खिशात, नेहमी एकच. बाहेर लोंबकळत ठेवलेला बोया प्रवाळात अडकतो आणि कुणाच्या तरी पायाशी उलगडतो.

हवेचं गणित

हा भाग थोडा सावकाश वाचा. बोया सोडताना माणूस बोयासोबत वर का ओढला जातो, याचं उत्तर इथे आहे.

सपाट ठेवल्यावर १५ सेंटिमीटर रुंद आणि १.२ मीटर लांब असलेला बोया पूर्ण फुगला की त्यात साधारण साडेआठ लिटर हवा मावते. पृष्ठभागावर दाब १ बार, ५ मीटरवर दीड, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. खाली भरलेली हवा वर जाता जाता त्याच प्रमाणात पसरते. म्हणजे वर पोचल्यावर बोया भरलेला दिसायला हवा असेल तर २० मीटरवर जेमतेम तीन लिटर हवा पुरते, १० मीटरवर सव्वाचार लागते, आणि ५ मीटरवर पावणेसहा.

आता हे वजनात बघा. पाण्याखाली एक लिटर हवा साधारण एक किलो वर उचलते. १० मीटरवर सव्वाचार लिटर भरलेला बोया हातात धरलात की सव्वाचार किलोची ओढ वर, ५ मीटरवर जवळपास सहा किलोची. ही ओढ तुम्ही जितके सेकंद धरून ठेवाल तितके सेकंद तुम्ही वर जात राहणार, आणि वर जाताना बीसीडीतली हवाही पसरून त्यात भर घालणार. त्यामुळेच ५ मीटरवरून सोडणं सोपं, असा जो समज आहे तो उलटा आहे. तिथे हवा सगळ्यात जास्त भरावी लागते, आणि थोडं जरी वर गेलात तरी दाब झपाट्याने बदलतो. १० ते १२ मीटरवरून सोडणं जास्त आरामाचं असतं.

यातून सुटका एकाच पद्धतीने: एक श्वास, आणि लगेच सोडून द्या. छातीत असलेली हवा फुंकून बोयात गेली तर ती फक्त जागा बदलते. तुम्ही आणि बोया मिळून एकूण बॉयन्सी (तरंगण्याचा जोर) तीच राहते. पुढचा श्वास रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा देणाऱ्या तोंडातल्या यंत्रातून, घेतलात आणि बोया अजून हातातच असेल, तर सिलिंडरमधली नवी हवा त्या हिशेबात आली आणि तेवढ्या लिटरची ओढ वाढली. एका मोठ्या फुंकीत तीन-साडेतीन लिटर हवा सहज जाते. १२ मीटरवर ती वर पोचेपर्यंत सात लिटरच्या आसपास होते. बोया काठोकाठ भरला नाही तरी दोरीला ताण दिल्यावर उभा राहतो, तेवढं पुष्कळ.

होडी सुटण्याआधी

पाण्यात उतरण्याआधी तांडेलाला तुमचा बोया उलगडून दाखवा. “दादा, हा असा नारंगी बोया दिसला की आम्ही खाली आहोत, अजून तीन-चार मिनिटं वर येणार नाही, इंजिन लांब ठेवा,” एवढं सांगितलं की पुरतं. निळ्या-पांढऱ्या अल्फा झेंड्याचा किंवा पांढरा तिरपा पट्टा असलेल्या लाल झेंड्याचा अर्थ जाळ्याकडे निघालेल्या प्रत्येक होडीला ठाऊक असेलच असं धरून चालू नका. तुमच्या होडीने अशा वेळी त्यांना हात करायचा असतो. मालवणात जाळ्यांवरही बोये असतात, कॅन आणि थर्माकोल असतात, त्यामुळे उभा, उंच, नारंगी बोया हा वेगळा दिसला पाहिजे ही गोष्टही तांडेलाशी बोलताना आपोआप निघते. पुढच्या वेळी तोच तांडेल स्वतःहून विचारेल.

बडीशी, म्हणजे जोडीच्या डायव्हरशी, तीन गोष्टी ठरवा. बोया कोण सोडणार, किती खोलीवर, आणि खूण कोणती. गटात एकाच ठिकाणी पाच बोये वर गेले तर दोऱ्यांची वेणी होते, म्हणून एकत्र असताना एकानेच सोडायचा. तरीही प्रत्येकाजवळ स्वतःचा बोया हवा. बडी हरवला, मिनिटभर शोधून सापडला नाही, आणि एकट्याने वर निघावं लागलं, तर त्या वेळी दुसऱ्याच्या खिशातल्या बोयाचा काही उपयोग नसतो.

सोडायची क्रिया

जमिनीपासून आणि प्रवाळापासून मोकळ्या पाण्यात या. सिलिंडरमध्ये पुरेशी हवा असताना सुरुवात करा. घाई करावी लागेल इतकी कमी हवा उरली असेल तर नव्या माणसाने बोयाच्या नादाला न लागता बडीसोबत शांतपणे वर निघावं. खोली पाहा, बॉयन्सी न्यूट्रल करा (वरही जायचं नाही, खालीही नाही), आणि दोन-तीन श्वास नुसते तरंगत घ्या. इथे तुम्ही हलत असाल तर पुढे नक्कीच हलणार. बडी समोर, हाताच्या अंतराहून थोडा लांब, तुमच्याच पातळीवर असावा. तुमच्या वर कुणी नको. त्याचं काम फक्त तुमच्याकडे आणि तुमच्या खोलीकडे बघण्याचं. तुम्ही अर्धा मीटर जरी सरकलात तरी त्याने हाताने खूण करायची.

बोया काढा आणि गुंडाळी खाली उलगडू द्या. दोरीचा कडीपासून स्पूलपर्यंतचा हातभर भाग डोळ्यांनी तपासा: ऑक्टोपसची (जादा रेग्युलेटरची) नळी, गेज, टॉर्चची दोरी, बडीचा फिन, यांच्यापैकी कशालाही ती वेढलेली नको. मग डबल एंडर स्पूलवरून काढून स्वतःच्या बीसीडीवरच्या डी-रिंगला (धातूच्या कडीला) लावा. फक्त डबल एंडर. स्पूल किंवा दोरी स्वतःच्या अंगाला कधीच अडकवायची नाही, मनगटाला वेढा घ्यायचा नाही, बोट फाशात घालायचं नाही. या लेखातली एकच सूचना अक्षरशः पाळायची झाली तर ही पाळा. काहीही अडकलं तर हात उघडला की सुटलं, अशी सोय शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

स्पूल एका हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत, मधल्या भोकातून, हलका धरा. पतंग उडवताना फिरकी धरणारा जसा ती फिरू देतो पण निसटू देत नाही, तशी ही पकड असते. दुसऱ्या हातात बोयाची नळी. हात शरीरापासून पुढे लांब ठेवा, म्हणजे दोरी चेहऱ्यासमोरून जाणार नाही.

वर बघा. पूर्ण वर, आणि गोल फिरून. होडीची सावली, इंजिनाचा वाढता आवाज, दुसऱ्या गटाचे डायव्हर, यांपैकी काहीही असेल तर थांबा. बोयाची थांबायला तक्रार नसते.

मग नेहमीसारखा एक पूर्ण श्वास घ्या. छाती भरल्यावर शरीर क्षणभराने वर जाऊ लागतं, त्या आतच रेग्युलेटर तोंडातून काढा, नळी तोंडाला लावा आणि फुंका. श्वास कुठेही रोखून धरू नका. काढणं आणि फुंकणं ही एकच सलग हालचाल असली पाहिजे. फुंकून झालं की नळी सोडा, बोया सोडा. रेग्युलेटर परत तोंडात, त्यातलं पाणी दाबून काढा, श्वास घ्या. नळी फुंकल्यावर आपोआप बंद होणारी आहे की फिरवून बंद करावी लागते, हे किनाऱ्यावरच पाहून ठेवलेलं असावं.

तोंडातून रेग्युलेटर काढायला मन घेत नसेल तर अर्धबंद बोयाचं तोंड रेग्युलेटरच्या बुडबुडे सोडणाऱ्या बाजूखाली धरून, मान थोडी तिरकी करून, नेहमीचा उच्छ्वास त्यात सोडता येतो. हीही चांगली पद्धत आहे, बोयाचं कापड मास्कला किंवा नळीला धरणार नाही एवढं जपायचं. ऑक्टोपसचं बटण दाबून हवा भरणारे खूप दिसतात. नव्या डायव्हरने ते टाळावं असं मला ठामपणे वाटतं. त्यात नवी हवा सिलिंडरमधून येते, म्हणजे वर सांगितलेली ओढ पहिल्या क्षणापासून लागू होते. शिवाय ऑक्टोपस दोरीत अडकला तर बोया तो घेऊन जाऊ पाहतो, आणि कधीकधी तो वाहतच राहतो.

बोया सुटला की स्पूल बोटांत भराभर फिरेल. फिरू द्या. नजर कॉम्प्युटरवर. दोरी थांबली की बोया वर पोचला. आता दोरीत ढील असेल. ती स्पूलवर गुंडाळा आणि हलका ताण येईपर्यंत खेचा. हा ताण महत्त्वाचा आहे. ताणाशिवाय बोया पाण्यावर आडवा पडतो आणि होडीतून एक नारंगी पट्टी तेवढी दिसते, लाटेमागे तीही नाही. खालून दोरी ओढून धरली की तो काठीसारखा उभा राहतो.

काय बिघडतं

दोरी अडकली आणि बोया तुम्हाला ओढू लागला तर स्पूल सोडा. लगेच, विचार न करता. स्पूल परत विकत मिळतो. भराभर वर आल्याने फुप्फुसाला होणारी इजा किंवा बेंड्स (दाब झपाट्याने उतरल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा आजार) यांची भरपाई तशी होत नाही. स्पूल सुटल्यावर बोया वर तरंगत असतोच, होडीला निदान तुमचा परिसर कळलेला असतो. तुम्ही कॉम्प्युटर बघत नेहमीच्या वेगाने सेफ्टी स्टॉपकडे, म्हणजे वर येण्याआधी ५ मीटरवर थांबायच्या टप्प्याकडे, जा.

स्पूल हातातून निसटून खाली पडला तर त्याच्यामागे जाऊ नका. वरचा बोया दोरीला धरून आहे, दोरी तुमच्यासमोरच असेल. ती पकडा आणि हातानेच गोळा करत जा.

दोरीचा गुंता झाला तर आधी खोली सांभाळा. बडी गुंता सोडवेल. दोघांनी एकाच वेळी गुंत्यात डोकं घातलं की दोघंही नकळत वर सरकतात. म्हणूनच काम करणारा एक आणि पाहणारा एक, ही विभागणी बोया वर पोचेपर्यंत मोडायची नाही.

वर येताना

आता चढायचं मिनिटाला ९ मीटर किंवा त्याहून सावकाश. चढता चढता दोरी गुंडाळत राहायची, ताण तसाच ठेवून. बोयाला लटकून वर जायचं नाही, दोरी ही शिडी नव्हे. बीसीडी नेहमीसारखा सांभाळायचा आणि दोरी फक्त गोळा करायची. ५ मीटरवर आलात की डबल एंडर परत स्पूलच्या भोकात दोरीसकट लावा, आणि ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप घ्या. आता स्पूल लॉक आहे आणि तुमच्यासमोर एक उभी रेघ आहे. निळ्या मोकळ्या पाण्यात नजरेला तिचा मोठा आधार होतो. लाटेने बोया वरखाली होत असेल तर हात थोडा सैल ठेवा, नाहीतर लाट तुम्हालाही वरखाली नाचवते.

आंग्रिया बँकसारख्या जागी या रेघेची किंमत सगळ्यात जास्त कळते. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पाण्याखालची प्रवाळ-टेकडी विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आहे, आणि तिचा माथाच २० मीटरच्या आसपास खोल. ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत ती बसत नाही, अनुभवी डायव्हरचीच ती जागा. तिथे वर आल्यावर किनारा दिसत नाही, खडक दिसत नाही, ओढीने तुम्ही उतरलेल्या जागेपासून बऱ्याच अंतरावर आलेले असता. होडीकडे तुम्हाला शोधण्यासाठी तुमचा बोया हीच खूण असते.

शेवटचे ५ मीटर सगळ्यात सावकाश. पुन्हा वर बघा, आवाज ऐका, एक हात डोक्यावर उंच धरून गोल फिरत वर या. बोया वर आहे म्हणून होडी येणारच नाही असं नसतं; काही होड्या बोया बघायलाच जवळ येतात.

पाण्यावर आल्याबरोबर बीसीडी फुगवा, मग होडीकडे बघून हाताची मोठी गोल खूण करा: ठीक आहे. मदत हवी असेल तर हात किंवा बोया जोरजोरात हलवा. उरलेली दोरी लगेच पूर्ण गुंडाळा, होडी जवळ यायच्या आत. पाण्यात लोंबणारी दहा मीटर दोरी पंख्यात गेली तर होडीचं इंजिन बंद पडतं आणि तुम्ही दोरीच्या दुसऱ्या टोकाला असता. बोयातली हवा मात्र होडीत चढेपर्यंत काढू नका. आधी गुंडाळलेल्या स्पूलसकट बोया खलाशाच्या हातात द्या, मग तुम्ही चढा.

सराव

पहिला सराव कोरड्यावर, दिवाणखान्यात. घडी उघडणं, डबल एंडर काढून डी-रिंगला लावणं, स्पूल धरणं, हे डोळे मिटून जमेपर्यंत करा. मग तलावात. तारकर्लीला एमटीडीसीच्या डायव्हिंग संस्थेत प्रशिक्षणासाठी तलाव आहे. पुण्या-मुंबईतही डायव्हिंग शिकवणारे लोक पोहण्याच्या तलावात सराव घेतात. तलावात बोया न भरताच सगळी क्रिया करून पाहा, दोन्ही हात चेहऱ्यासमोर ठेवून, एकाच पातळीवर. अंगाची पातळी हलली नाही की मगच एक फुंकर घाला.

त्यानंतर समुद्रात, प्रशिक्षकासोबत, वाळूचा तळ असलेल्या शांत जागी, १० मीटरच्या आसपास. कोकणात हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यानंतर लगेच पाणी गढूळ असतं आणि दोन-तीन मीटरपलीकडे दिसत नाही. असं पाणी शिकण्यासाठी नको. भरती-ओहोटीच्या मधली, ओढ मंदावलेली वेळ धरा. एकदा जमलं की प्रत्येक डायव्हच्या शेवटी सोडा, गरज असो वा नसो. महिनाभर न केलेलं हे काम हात विसरतात.

रात्रीच्या डायव्हला बोयाच्या आत किंवा माथ्याला छोटा दिवा लावतात. आणि दिवसा असो वा रात्री, बोयाच्या जोडीला बीसीडीवर शिट्टी आणि आरसा असावा. वारा असेल तर शिट्टी बोयापेक्षा कमी उपयोगाची ठरते, ऊन असेल तर आरसा बोयापेक्षाही लांब दिसतो.

परत आल्यावर

बोया आणि स्पूल गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. झडपेत आणि नळीत वाळूचा कण अडकला की ती पूर्ण बंद होत नाही, म्हणून ती पाण्याखाली दोन-तीनदा दाबून धुवा. दोरी पूर्ण उलगडून सावलीत वाळवा. ओली गुंडाळलेली दोरी कुबट होते आणि खारटपणाने कडक पडते. वाळवताना ती बोटांतून एकदा सरकवत न्या. कुठे धागे सुटलेले, कुठे घासून बारीक झालेली जागा लागली तर तिथून कापून नवी गाठ मारा. डबल एंडरची खिट्टी अडखळत असेल तर तेल घालत बसू नका, बदला. सगळं कोरडं झालं की पुन्हा त्याच घडीत, त्याच खिशात.